भीमतालला गेलेले जोशी

बल्लभचं पत्र येऊन वर्ष होऊन गेलं तरी मी त्याला उत्तर दिलेलं नव्हतं. विसरलो होतो असं कुणी समजू नये. त्या वर्षात उत्तराची पहिली ओळ मी इतक्या वेळा लिहिली की कागद देणाऱ्या दुकानदाराला वाटू लागलं, या वयात मी कादंबरी वगैरे लिहायला घेतली आहे. दुसरी ओळ मात्र कधी लिहून झाली नाही.

बल्लभ म्हणजे चंद्रबल्लभ जोशी. आमच्या खात्यात दोन जोशी होते, तो कुमाऊँचा आणि मी राजापूरचा. टेबलं शेजारीशेजारी. त्यामुळे त्याच्या नावाची आवर्जून केलेली आमंत्रणं माझ्याकडे यायची आणि माझी बढती नाकारल्याची पत्रं त्याच्याकडे जायची. ती तो जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडून झाल्यावर, हळूच पुढे सरकवायचा. निवृत्त झाल्यावर तो गावी भीमतालला गेला. त्याची बायको वारल्यावर आलेलं हे पत्र. सगळी नोकरी मुंबईत केल्यामुळे त्याचं मराठी माझ्यापेक्षा धीट आहे. त्यानं लिहिलं होतं:

'इथला हिवाळा जाता जात नाही. सकाळी ऊन, दुपारी गारा, संध्याकाळी तळ्यावर धुकं. ही होती तेव्हा या लहरी हवेवर आम्ही दोघं मिळून कुरकुर करायचो. एकट्यानं कुरकुर करण्यात मजा नाही. व्हरांड्यात खुर्च्या दोन आहेत. फेब्रुवारी संपता संपता आठवडाभर ये. फोन करू नकोस, मला आता ऐकू येत नाही. लिहून कळव. येतोस का?'

म्हणजे प्रश्न एका शब्दाचा होता. पण वहिनी गेल्या आणि आपण नुसतं 'हो' लिहून पाठवायचं, हे मला बरं दिसेना. आधी सांत्वन हवं. सांत्वनाची वाक्यं लिहून पाहिली, तर ती बँकेकडून आल्यासारखी वाटत. मग ते राहिलं. राहिलं की उशीर होतो, उशीर झाला की त्याची माफी मागावी लागते, आणि माफीचं पत्र तर सांत्वनाहून अवघड. असं करत पुन्हा फेब्रुवारी आला.

आता लिफ्टबद्दल सांगायला हवं. लिफ्टमध्ये माणसानं काय बोलावं हे मला उभ्या आयुष्यात समजलेलं नाही. शक्यतो मी जिन्यानं जातो. पण त्या दिवशी हातात वाशीहून आणलेली पुस्तकं होती, आणि समोरच्या फ्लॅटमधल्या सुचित्राताईंनी माझ्यासाठी दार धरून ठेवलं होतं.

"गेली बाई थंडी यंदाची," त्या म्हणाल्या.

"हो. भीमतालला मात्र आहे अजून," मी म्हणालो. काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून.

"भीमतालला? तिकडे कोण तुमचं?"

"मित्र. ये म्हणतोय."

"अय्या! मग जाताय?"

चौथा मजला आला. मला 'बघू' म्हणायचं होतं. 'बघू' हा माझा आवडता शब्द आहे, त्यात सगळं येतं आणि काहीच येत नाही. पण पुस्तकं निसटत होती, दार बंद होऊ पाहत होतं, आणि तोंडातून निघून गेलं, "हो."

वर्षभर जो शब्द कागदावर उतरला नाही, तो असा लिफ्टच्या दारात पडला.

संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर 'जोशीकाका हिमालयात!' असा मथळा झळकला होता. तो लिहिणारा आशुतोष, आमचा सेक्रेटरी. बँकेत आहे, मुलगा सज्जन, पण त्याला माणसं दिसण्याआधी नियम दिसतात. रात्रीच्या जेवणाआधी तो अर्ज घेऊन हजर.

"काका, फ्लॅट बंद ठेवून जाताय ना? मग हे भरावं लागेल. मागे त्या बी विंगमध्ये लीकेज झालं तेव्हापासून रूल केलाय."

अर्जात 'बाहेरगावी जाण्याचे कारण' असा रकाना होता. मी 'हवापालट' लिहिलं.

"हे मेडिकलमध्ये जातं काका. सर्टिफिकेट लागेल."

मी खोडून 'मित्रभेट' लिहिलं.

"हां. मित्राची संमती आहे ना?"

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही, सहज विचारलं. हे रकान्यात नाहीये."

हसत हसत तो गेला. मी मात्र त्या प्रश्नावर बसून विचार करणार होतो. पण पुढचं सगळं इतक्या वेगानं झालं की बसायला वेळ मिळाला नाही. तिकीट आशुतोषनंच त्याच्या फोनवरून काढलं. पनवेलहून दिल्ली, पुढे काठगोदाम. खालची बर्थ, तीही कन्फर्म. आमच्या देशात इतकी सोय एखाद्याच्या वाट्याला आली म्हणजे त्यानं न जाणं हा गुन्हाच. सुचित्राताईंनी मला वाशीला नेऊन डोंगरी बूट घ्यायला लावले. त्यांच्या लेस भडक नारिंगी होत्या. मी काळ्या मागितल्या, तर दुकानदार म्हणाला, "अंकल, बर्फात हरवलात तर नारिंगीच दिसते." एवढं ऐकल्यावर परत कोण मागणार? शिवाय माकडटोपी. ती घालून आरशात पाहिलं तेव्हा प्रथमच मला मी ओळखीचा वाटलो नाही, आणि जरा बरं वाटलं.

खालच्या मजल्यावरच्या सगुणाबाई मूळच्या जासईच्या. जमिनी गेल्या, फ्लॅट आले, पण त्यांच्या हाताची चव आणि आवाजाची पट्टी शेतातलीच राहिली. निघायच्या दिवशी त्या एक भलंमोठं पुडकं घेऊन आल्या.

"तांदलाच्या भाकऱ्या हाईत, नि ही सुकट. डोंगरान मावरा नाय गावाचा तुमाना."

मी जन्मात मासे खाल्लेले नाहीत. हे सांगायला चार शब्द पुरले असते. मी म्हणालो, "कशाला उगाच त्रास घेतलात," आणि पुडकं घेतलं.

सुचित्राताईंनी मेथीचे लाडू दिले. "हे तुमच्या मित्रासाठी. बायको गेलीय म्हणता, त्यांना कोण करून घालणार?" हातावर दही ठेवलं, गेटपाशी फोटो काढला. फोटोत मी माकडटोपी घालून उभा आहे, कारण सगळ्यांनी आग्रह केला. फेब्रुवारीतलं आमचं ऊन ज्यांना ठाऊक आहे त्यांना माझी दशा सांगायला नको. रिक्षा सुटली तेव्हा आशुतोष ओरडला, "काका, ग्रुपवर अपडेट टाकत राहा!"

पनवेलला गाडी यायला वेळ होता. मला वेळ मिळाला की मी विचार करतो, आणि मी विचार केला की संपलंच. बाकावर बसल्याबसल्या लक्षात आलं: मी भीमतालला निघालोय हे सुचित्राताईंना माहीत होतं, आशुतोषला, सगुणाबाईंना, बूटवाल्याला, इस्त्रीवाल्याला, अख्ख्या ग्रुपला माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त बल्लभला.

मी त्याच्या दारात उभा राहिलेला मला दिसू लागलो. घंटा त्याला ऐकू येत नाही. खिडकीवर टकटक करणारा, टोपीतून नुसते डोळे दिसणारा कुणी म्हातारा. पत्र वर्षापूर्वीचं. दुःखाच्या भरात माणूस कुणालाही ये म्हणतो. वर्षभर वाट पाहून त्यानं ती दुसरी खुर्ची आत नेऊन तिच्यावर वर्तमानपत्रांचे गठ्ठे ठेवले असतील, तर? मी गेल्यावर ते गठ्ठे उचलावे लागतील.

गाडी आली. माझा डबा नेमका माझ्यासमोर थांबला. खिडकीतून माझी बर्थ दिसत होती. रिकामी, स्वच्छ, उशी ठेवलेली. मी उठलो, पिशवी उचलली, आणि एका बाईंना चढायचं होतं म्हणून बाजूला झालो. मग आणखी एकांना चढायचं होतं. मग कुणाला नव्हतं. तरीही मी बाजूलाच उभा होतो. गाडी निघाली आणि माझी बर्थ अगदी सावकाश, मला नीट पाहता यावी अशा बेतानं, समोरून सरकत गेली.

परत येताना रिक्षात एकच विचार: कुणी पाहू नये. दही खाऊन, फोटो काढून गेलेला माणूस त्याच संध्याकाळी परत? मी टोपी घट्ट ओढून घेतली. गेटवर नवा वॉचमन होता, ते एक बरं झालं असं वाटलं.

"किसके पास जाना है?"

"जोशी. चारशे दोन."

"वो तो बाहरगाँव गए."

"मालूम है."

"आपका नाम?"

माझं डोकं अशा वेळी बंद पडतं. "जोशी," मी म्हणालो.

त्यानं गेटच्या ॲपवर माझा, म्हणजे टोपीचा, फोटो काढून नोंद केली. हे ॲप आशुतोषनंच बसवून घेतलेलं. पाहुणा आला की घरमालकाच्या फोनवर विचारणा जाते, आणि त्यानं मान्यता दिली तरच आत प्रवेश. लगेच माझ्या खिशात थरथरलं. जरा पाठमोरा होऊन पाहिलं: 'जोशी तुमच्याकडे आले आहेत. आत सोडायचे का? हो / नाही.'

खरं सांगतो, मी क्षणभर विचारात पडलो. मग 'हो' दाबलं.

"साहब ने हाँ बोल दिया," वॉचमन खूश होऊन म्हणाला. "अच्छे आदमी हैं. जाइए."

अशा रीतीनं मी माझ्याच घरी पाहुणा म्हणून दाखल झालो. सवयीनं दाराबाहेर बूट काढले, आत शिरलो आणि आवाज न करता कडी लावली.

योजना साधी होती. आठवडाभर आत राहायचं आणि ठरल्या दिवशी बॅग घेऊन 'परत यायचं'. मी तसाही घराबाहेर फारसा पडत नाही. फरक पडला असेल तर तो कुणाच्या लक्षात येणार नाही, अशी माझी समजूत होती. दिवे लावायचे नाहीत, पंखा एकवर, नळ धारेनं सोडायचा नाही. रविवारी मी प्रवासात होतो, त्यामुळे निवांत वाचत पडलो. सोमवारी सकाळी ग्रुपवर आशुतोष: 'काका पोचलात का? हवा कशी आहे?'

हवामान फोनमध्ये दिसतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं. भीमताल लिहिलं, तर सगळं समोर. मी लिहिलं: 'पोचलो. सकाळी स्वच्छ ऊन, पण सावलीत हात बाहेर काढवत नाहीत. तळं हिरवं आहे.' पाच-सहा जणांनी हात जोडले. तळं हिरवं असतं हे बल्लभनं कधीतरी डबा खाताना सांगितलं होतं.

मंगळवारी तिकडे गारा पडल्या. मी लिहिलं, 'दुपारी अचानक गारा. पत्र्यावर इतका आवाज, की बल्लभला ऐकू येत नाही तेच बरं वाटलं.' हे पाठवल्यावर मी चपापलो. मला विनोद करता येतो हे मला ठाऊक नव्हतं. बल्लभला लिहिताना एका ओळीवर महिना घालवणारा मी, इथे पटापट लिहीत होतो. बुधवारी ऊन आणि वारा, 'तळ्यावर कुणीतरी फणी फिरवल्यासारख्या रेघा.' संध्याकाळी ढग, 'समोरचा डोंगर कुणीतरी उचलून नेला आहे.' लोक दिवसातून दोनदा विचारू लागले. बी विंगमधले एक गृहस्थ, ज्यांनी कधी माझ्या नमस्काराला उत्तर दिलं नव्हतं, त्यांनी लिहिलं, 'जोशीजी, तुमचं वाचलं की गार वाटतं.' फोटो टाका, असंही कुणी म्हणालं. कॅमेऱ्याच्या काचेवर दव बसलंय, असं मी कळवलं.

हळूहळू एक गंमत झाली. गंमत म्हणावी की नाही कुणास ठाऊक. गारा पडल्या तेव्हा मी पंखा बंद करून शाल घेतली. पाऊस दाखवला तेव्हा गच्चीवर वाळत घातलेलं काही नाही ना, असं मनात आलं. खाली सोसायटीत उन्हानं डांबर मऊ झालं होतं आणि मी चौथ्या मजल्यावर बंद खिडकीआड आठ अंशांत बसलो होतो. डोक्यात सारखं एकच: बल्लभनं व्हरांड्यातल्या खुर्च्या आत घेतल्या असतील का? गारांनी वेताची वीण खराब होते. फोनमध्ये वाऱ्याचा वेग होता, पावसाची शक्यता होती, सूर्यास्त होता. खुर्च्यांचं काही नव्हतं.

जेवणाचे हाल होते. सगुणाबाईंच्या भाकऱ्या आधी संपल्या. मग मी बल्लभचे लाडू खाऊ लागलो. प्रत्येक लाडू उचलताना 'हा शेवटचा' म्हणायचो, आणि तो शेवटचा होईपर्यंत म्हणत राहिलो. सुकट मात्र ओट्यावर पडून होती आणि तिचा वास घरभर हिंडत होता. त्या वासावर एक मांजर कुठून तरी चढून स्वयंपाकघराच्या ग्रिलवर येऊन बसलं आणि गळा काढू लागलं. मी त्याला हळू आवाजात समजावलं. त्याला मराठी कळत नसावं.

गुरुवारी सकाळी ग्रुपवर आशुतोषचा संदेश आला. नेहमीचा नाही, सेक्रेटरीच्या भाषेतला: 'चारशे दोनमध्ये शनिवारपासून गेस्ट एन्ट्री ओपन आहे. एक्झिट नाही. फ्लॅट बंद असल्याचा अर्ज आहे. जोशीकाका, प्लीज कन्फर्म. कोण आहे आत?'

मी घामाघूम झालो. भीमतालमध्ये, धुक्यात, घामाघूम. शेवटी लिहिलं: 'माझा चुलतभाऊ आहे. जरा लाजाळू आहे. कुणी तसदी घेऊ नये.'

'ओके. त्यांची आधारची कॉपी आणि पोलीस व्हेरिफिकेशनचा फॉर्म शनिवारपर्यंत लागेल. रूल आहे.'

आणि खाली सुचित्राताई: 'भाऊ एकटेच आहेत? मग जेवणाचं काय करतात? मी डबा देते.'

दुपारी घंटा वाजली. मी दारामागे उभा राहिलो.

"भाऊजी, डबा ठेवलाय. वरणफळं आहेत."

"ठेवा," मी आवाज घोगरा करून म्हणालो.

"सर्दी झाली वाटतं? सुंठ घाला चहात." मला वाटलं, गेल्या. पण बांगड्यांचा आवाज तिथंच होता. "एक विचारू का? तुमचे भाऊ लहानपणापासून असेच का हो?"

मी दाराच्या आणखी जवळ सरकलो. 

"माणूस चांगला आहे, म्हणजे वाईट असं काही नाही. पण इतकी वर्षं समोर राहतायत. कसे आहात विचारलं की 'ठीक' म्हणतात आणि दार लावतात. गणपतीला बोलवायचो. 'येतो' नाही, 'येत नाही'ही नाही. आरती थांबवून वाट बघितली आहे आम्ही. आमचे हे म्हणायचे, आपण त्यांना आवडत नसू. मग सोडलं बोलावणं. माणूस उत्तरच देत नाही म्हटल्यावर समोरच्यानं काय समजायचं, सांगा?"

दाराला कान लावून मी उभा होतो. माझ्या हातात चमचा होता, तो का होता आठवत नाही.

"आणि आता बघा, तिकडे जाऊन रोज किती छान लिहितायत. मला रात्री वाचून दाखवावं लागतं घरी सगळ्यांना. एवढं बोलता येतं तर इथे काय झालं होतं? जाऊ दे. डबा गार व्हायच्या आत घ्या."

त्या गेल्यावर मी डबा आत घेतला. वरणफळं उत्तम होती. उभ्यानंच खाल्ली, कारण बसावंसं वाटेना. एका गणपतीला मी कपडे बदलून त्यांच्या दारापर्यंत गेलो होतो हे मला आठवत होतं. आतून टाळ ऐकू येत होते, आणि आता मध्येच कसं जायचं, म्हणून मी आरती संपायची वाट पाहत उभा होतो. ते माझी वाट पाहत थांबले असतील, हे कधी मनातही आलं नव्हतं. उत्तर न देणं म्हणजे माझ्या लेखी अजून लिहायचं राहिलेलं 'हो' असायचं. पलीकडच्या माणसाला ते 'नाही' असं ऐकू येतं, हे समजायला मला माझ्याच दारामागे पाहुणा म्हणून उभं राहावं लागलं.

शुक्रवारी भीमतालवर धुकं होतं आणि वरच्या डोंगरांवर बर्फ. फोननं लाल अक्षरांत इशारा दिला होता, वीज जाण्याची शक्यता. मी ग्रुपवर काही लिहिलं नाही. बल्लभ अंधारात बसला असेल. वर्षभर तो असाच टपालवाल्याची वाट बघत असेल. आणि घंटा ऐकू येत नाही म्हणून बहुधा दारातच बसून. मी कागद घेतला आणि पहिली ओळ लिहिली. मग मांजर ओरडलं.

शनिवारी सकाळी घंटा वाजली ती थांबेचना.

"भाऊसाहेब, मी सेक्रेटरी. आधार द्या प्लीज. नाहीतर मला पोलिसांत कळवावं लागेल. पर्सनल काही नाही, रूल आहे."

बाहेर आणखी आवाज होते. सुचित्राताई आणि सगुणाबाई. माझ्याकडे या जगात एकच आधार कार्ड आहे. काय सुचलं देव जाणे, मी साखळी लावून दार किलकिलं केलं आणि तेच बाहेर सरकवलं.

बाहेर कार्ड उलटंसुलटं झालं. मग आशुतोषचा गोंधळलेला आवाज. "अरविंद जोशी. पत्ता चारशे दोन. जन्मतारीख... अहो, हे काकांचं आहे. तुमचं कुठंय? आणि काकांनी स्वतःचं आधार इथे ठेवलं? गाडीत काय दाखवलं त्यांनी?"

"आरं सेक्रेटरी, त्या कागदान काय बगतंस?" सगुणाबाई कडाडल्या. "खाली बग, खाली. बूट बग ना बाबा, बूट!"

मी दाराच्या फटीतून खाली पाहिलं. पायपुसण्याशेजारी, जिथे मी ते शनिवारी सवयीनं काढले होते तिथेच, माझे डोंगरी बूट उभे होते. नारिंगी लेस. बर्फात हरवलं तरी दिसणाऱ्या.

आता साखळीला काही अर्थ नव्हता. मी दार उघडलं. टोपी काढायची राहून गेली.

आशुतोषनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग आधारवरच्या फोटोकडे. "काका? तुम्ही कधी आलात?"

"आत्ताच," मी म्हणालो.

"कशाशी आयलाव, इमानाशी?" सगुणाबाई हातानं विमान उडवून दाखवत म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

मी सुचित्राताईंकडे पाहिलं. त्या हसत नव्हत्या. "तुम्हांला कधीपासून माहीत होतं?"

"बूट पहिल्याच दिवशी दिसले. म्हटलं भावानंही तसलेच घेतले असतील. पण लेस कशी बांधलीय बघा. एका बुटाला गाठ, दुसऱ्याला फूल. दुकानात मीच बांधून दिलेलं फूल आहे ते."

"मग परवा तुम्ही दारापाशी जे बोललात..."

"ते तुमच्याशीच बोलले. तोंडावर बोलले असते तर ऐकून घेतलं असतंत? 'ठीक' म्हणून दार लावलं असतंत."

 'ठीक' म्हणायची सोय आता उरली नव्हती.

"माना एक खरा सांगा," सगुणाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "तिकरं बरफ परला का?"

"पडला. वरच्या डोंगरांवर."

"तुमाना कसा समाजला?"

"फोनवर दिसतं सगळं."

"मंग जाऊन काय कराचा व्हता?"

"बल्लभनं खुर्च्या आत घेतल्या की नाही, ते फोनवर दिसत नाही," मी म्हणालो. म्हणताना आवाज असा काही झाला की घोगरा करायची गरज पडली नाही.

 मग सुचित्राताई म्हणाल्या, "मग विचारा की त्यांना. मी तुमच्यापाशी बसून लिहून घेऊ का?"

"नको. लिहितो."

"आज?"

'बघू' जिभेवर आलं होतं. "हो," मी म्हणालो.

सगुणाबाईंना तेवढ्यात ओट्यावरचं पुडकं दिसलं. "सुकट तशीच हाय! खाल्लाव नाय?"

"मी मासे खात नाही."

"आवं मंग तवाच सांगाचा नाय का! त्या मांजरीची झोप घालवलाव उगाच." त्यांनी पुडकं उचललं आणि मांजराला हाका मारत जिना उतरल्या.

आशुतोष मात्र दारातच उभा होता, फोनकडे पाहत. "काका, प्रॉब्लेम असा आहे, की मालक बाहेरगावी आणि पाहुणा आत, अशी एन्ट्री आहे. पण मालकच पाहुणा असला तर ॲपमध्ये ऑप्शन नाही. मी काय सिलेक्ट करू?" मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "माफीचं नाही हो, एक्झिट तेवढी व्हायला हवी. आणि ग्रुपला काय सांगू?"

"सांग, जोशी गेलेच नव्हते."

त्यानं फोन खिशात टाकला. मग म्हणाला, "नको काका. उद्याचा, रविवारचा, अंदाज काय आहे तेवढा टाका. आई विचारत होती."

पत्र लिहून व्हायला रविवारची दुपार उजाडली, पण ते दोन ओळींच्या पुढे गेलं. सांत्वन त्यात नाही. माझ्याकडचं सांत्वन वर्षभरात शिळं झालं होतं. लिहिलं ते असं:

'प्रिय बल्लभ, येतो. तू विचारलंस त्याला वर्ष झालं. मी त्या दिवशीही हो म्हटलं होतं, फक्त तुला कळवलं नव्हतं. गेला आठवडा तुझ्याकडे सोमवारी ऊन होतं, मंगळवारी गारा, बुधवारी वारा, नंतर पाऊस, धुकं आणि वर बर्फ. आज निरभ्र आहे. गारांच्या दिवशी खुर्च्या आत घेतल्या होत्यास का? घेतल्या नसतील तर वीण तपासून ठेव. तुझ्यासाठी मेथीचे लाडू दिले होते, ते मी खाल्ले. दुसरे घेऊन येईन. माझ्यासाठी खुर्ची नसेल तर मी स्टुलावर बसेन, पण तसं लिहून कळव. वहिनींशिवाय कुरकुर करायची सवय मलाही नाही. आपण शिकू. तुझा, दुसरा जोशी.'

वाचून पाहिलं. चुका होत्या. पुन्हा नीट लिहावं असं वाटताच पाकीट बंद केलं. पाकिटावर पत्ता आणि तिकीट वर्षभरापासून तयारच होतं.

बाहेर पडताना नारिंगी लेसचे बूटच घातले. लपवायचं काही उरलं नव्हतं. टोपी घरी ठेवली. गेटवर तोच वॉचमन होता. टोपीशिवाय त्यानं मला कसं ओळखलं, बुटांवरून की चालण्यावरून, कुणास ठाऊक.

"चले साहब? आपके भाई आ गए क्या?"

"आ गए."

"अच्छा हुआ. आपका एग्ज़िट बाकी था, सेक्रेटरी साहब रोज़ पूछते हैं." आणि त्यानं फोनवर काहीतरी दाबलं.

टपाल कार्यालय रविवारचं बंद होतं, पण बाहेरची लाल पेटी जागेवर होती. तोंडाशी पाकीट धरलं आणि हात तिथंच थांबला. पिनकोड बरोबर आहे ना? तो अजून त्याच घरात असेल ना? त्याला हे पत्र हास्यास्पद तर वाटणार नाही? एक बाई मुलाला घेऊन मागे उभ्या राहिल्या. त्यांना पेटीत काही टाकायचं नसावं, पण मी सवयीनं बाजूला होऊ लागलो.

तेवढ्यात खिशात थरथरलं. डाव्या हातानं फोन काढून पाहिला. गेटच्या ॲपचा संदेश होता: 'तुमच्याकडे आलेले पाहुणे जोशी आता बाहेर पडले आहेत.'

मी पुन्हा पेटीसमोर आलो आणि पत्र आत टाकलं.